‘कुनीतरी’ आणि ‘एक जण’ : सणसरकडील बोलण्यातील अनिश्चित सर्वनामांचा विचार

१

मराठी सर्वनामांचे जे वर्ग परंपरेने मानले जातात त्यांत ‘अनिश्चित’ अथवा ‘सामान्य’ सर्वनामांचा वर्ग शेवटी येतो आणि त्याचे विवेचनही बहुधा थोडक्यात आटोपते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. या दीर्घ परंपरेतून शालेय पुस्तकांत जे सूत्र उतरले ते असे की, ‘कोण’ व ‘काय’ ही सर्वनामे प्रश्न नसलेल्या वाक्यात येऊन कोणत्या नामाबद्दल आली आहेत हे निश्चित सांगता येत नसेल, तर ती अनिश्चित सर्वनामे समजावीत. हे सूत्र चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. अनिश्चितता कोणाच्या बाजूची, बोलणाऱ्याच्या की ऐकणाऱ्याच्या, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. नित्याच्या संभाषणात मात्र सर्व भर याच प्रश्नावर असतो.

एक उदाहरण घेतल्यास मुद्दा स्पष्ट होईल. उसाला पाणी चालू असताना रात्री चारी फुटली आणि सकाळी शेतकरी पारावर येऊन म्हणाला, “राती कुनीतरी चारी फोडली.” दुसरा शेतकरी त्याच प्रसंगी म्हणाला, “राती एकानं चारी फोडली.” दोन्ही वाक्यांत कर्त्याचे नाव नाही. दोन्ही वाक्ये कागदावर उतरविताना लेखनिक बहुधा एकच मजकूर लिहील : ‘अज्ञात इसमाने चारी फोडली.’ परंतु पारावर बसलेल्या मंडळींना ही दोन वाक्ये एक वाटणार नाहीत. पहिल्या वाक्यानंतर ते विचारतील, “कुनी फोडली आसंल?” दुसऱ्या वाक्यानंतर ते विचारतील, “कोन रं त्यो?” पहिला प्रश्न तर्क करण्यास सांगतो, दुसरा नाव सांगण्यास. अर्थात दुसऱ्या शेतकऱ्याला कर्ता ठाऊक आहे, त्याने तो केवळ सांगितलेला नाही, हे श्रोत्यांनी ताडलेले असते. हे ताडणे कोणत्या व्याकरणिक खुणांच्या आधारे घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

विवेचनासाठी पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील सणसर या गावाच्या परिसरातील बोली समोर ठेवली आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येते. जवळच्या भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे, आणि देहूहून पंढरपुरास जाणारी संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढी वारीत येथे मुक्काम करते. पाण्याची पाळी, उसाची तोड आणि वारीचा मुक्काम या तिन्ही निमित्तांनी ज्यांचे नाव ठाऊक नाही, अथवा ठाऊक असूनही घ्यावयाचे नाही, अशा माणसांविषयी बोलण्याचे प्रसंग येथे वारंवार येतात. नीरेपलीकडील फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांचा मॅक्सीन बर्नसन यांनी केलेला अभ्यास अभ्यासकांना परिचित आहे. येथे मात्र दृष्टी बोलीच्या एका लहानशा कोपऱ्यापुरती मर्यादित ठेवली आहे. पुढील वाक्ये कोणा एका व्यक्तीच्या बोलण्याची नोंद नव्हेत. या भागाच्या बोलण्याच्या धाटणीवर रचलेली उदाहरणे आहेत.

२

प्रथम सामग्रीचा परिचय करून घेणे इष्ट ठरेल. मराठीतील बहुतेक अनिश्चित सर्वनामे प्रश्नवाचक शब्दाला निपात जोडून सिद्ध होतात. संस्कृतात ‘कः’ला ‘अपि’ जोडून ‘कोऽपि’ झाले व त्यापासून हिंदीचे ‘कोई’ आले, हे सर्वश्रुत आहे. मराठीत ‘तरी’ आणि ‘ही’ हे दोन निपात आजही हे कार्य उघडपणे करतात : कोणीतरी, काहीतरी, कुठेतरी, केव्हातरी, कोणीही, काहीही, कुठेही, केव्हाही. सणसरकडील बोलीत ‘ही’च्या जागी ‘बी’ येतो आणि ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘कुनी बी’, ‘काय बी’, ‘कुटं बी’ अशी रूपे ऐकू येतात. निपात विभक्तिप्रत्ययाच्या बाहेर राहतो : ‘कोणाला तरी’, ‘कोणाकडूनही’, ‘कशानं तरी’. पायाला जखम झालेला मनुष्य ‘काहीतरीनं कापलं’ असे म्हणत नाही, ‘कशानं तरी कापलं’ असे म्हणतो. विभक्तीचा प्रसंग आला की ‘काही’ मागे सरते व ‘काय’ची सामान्यरूपे पुढे येतात. ‘काहींना’ हे रूप आहे खरे, पण त्याचा अर्थ ‘काही लोकांना’ असा निराळा आहे.

या निपातयुक्त रूपांखेरीज आणखी तीन गट लक्षात घ्यावे लागतात. पहिला, निपाताविना येणारी ‘कोणी’ व ‘काही’ ही रूपे. दुसरा, ‘एक’ या संख्यावाचकापासून झालेली ‘एक जण’, ‘एकानं’, ‘एकीनं’, ‘एखादा’ ही रूपे. तिसरा, नावाची जागा अडवून ठेवणारे ‘अमका’, ‘तमका’, ‘फलाणा’ हे शब्द. शेवटच्या गटात नाव अज्ञात नसून सांगण्याच्या लायकीचे अथवा गरजेचे समजलेले नसते : “अमक्यानं आसं केलं, तमक्यानं तसं केलं, त्यात आपल्याला काय?”

३

अनिश्चित सर्वनामांच्या तौलनिक अभ्यासाला १९९७ साली मार्टिन हास्पेलमाथ यांच्या ग्रंथाने निश्चित दिशा दिली. चाळीस भाषांची सविस्तर तुलना करून त्यांनी या सर्वनामांची नऊ कार्ये एका नकाशावर मांडली. त्यांतील पहिली तीन येथे विशेष उपयोगी आहेत. (अ) विशिष्ट व्यक्ती, जी बोलणाऱ्यास ठाऊक आहे. (आ) विशिष्ट व्यक्ती, जी बोलणाऱ्यास ठाऊक नाही. (इ) जी अजून विशिष्टच नाही, केवळ अपेक्षित अथवा कल्पित आहे. रशियन भाषा या तिहींसाठी तीन निरनिराळी रूपे वापरते : अनुक्रमे ‘कोये-क्तो’, ‘क्तो-तो’ आणि ‘क्तो-निबुद’. उलट डच भाषेत ‘ईमांट’ हे एकच रूप तिन्ही ठिकाणी चालते. ठाऊक आहे की नाही हे डच श्रोत्याने संदर्भावरून ओळखावयाचे असते. शेजारच्या कन्नडमध्ये अज्ञात विशिष्ट व्यक्तीसाठी ‘यारो’ आणि अपेक्षित व्यक्तीसाठी ‘यारादरू’ असा भेद आहे.

मराठीची विभागणी यांपैकी कोणाशीही तंतोतंत जुळत नाही. ‘कोणीतरी’ दुसरे व तिसरे अशी दोन्ही क्षेत्रे व्यापते : “कुनीतरी येऊन गेलं” (अज्ञात पण विशिष्ट) आणि “कुनाला तरी पाठवा” (अजून ठरावयाचा). ‘एखादा’ मात्र केवळ तिसऱ्या क्षेत्रात राहतो. “एखादा गडी बघा” हे शुद्ध. “काल एखादा गडी आला व्हता” हे कोणीही म्हणणार नाही. सवयीच्या अथवा संभवाच्या वाक्यात तो पुन्हा चालतो : “एखादा येतो, पानी मागतो, जातो.” पहिल्या क्षेत्राचा धनी ‘एक जण’.

‘एक जण’ आणि ‘कोणीतरी’ यांतील भेद तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. घराचे फाटक उघडे दिसले, आत कोणी दिसत नाही, तर “कुनीतरी आलं आसंल” असे म्हणता येते. तेथे “एक जण आला आसंल” असे म्हटल्यास वाक्य खटकते. कारण, ‘एक जण’ म्हणण्यासाठी बोलणाऱ्याने ती व्यक्ती पाहिलेली तरी असावी लागते अथवा अन्य मार्गाने तिची ओळख पटलेली असावी लागते. नाव माहीत नसले तरी चालते. ‘कोणीतरी’ला केवळ अनुमान पुरते. पहिल्याच्या मागे प्रत्यक्ष प्रमाण आहे, दुसऱ्याच्या मागे अनुमानही चालू शकते, असे न्यायशास्त्राच्या परिभाषेत म्हणता येईल.

येथे एक आक्षेप संभवतो. “तुज्यासाठी कायतरी आणलंय, वळख बघू,” असे आजी नातवाला म्हणते तेव्हा काय आणले आहे ते तिला पक्के ठाऊक असते. आंघोळ टाळणाऱ्या नातवाकडे पाहत “कुनीतरी आज आंगूळ केली न्हाई” असे ती म्हणते तेव्हाही तसेच. मग ‘तरी’ अज्ञान दाखवितो असे कसे म्हणावे? उत्तर असे की, ‘तरी’ अज्ञान सांगत नाही. ओळख दिली जात नाही एवढेच सांगतो. अन्य काही सूचना नसेल तर श्रोता त्यावरून अज्ञानाचे अनुमान करतो. आजीचा स्वर व दृष्टी ही अशीच एक सूचना असून ती ते अनुमान रद्द करते. थट्टेची गोडी त्या रद्द होण्यातच आहे. ‘एक जण’ने सुचविलेला परिचय मात्र अशा रीतीने रद्द होत नाही. “एक जण आला व्हता, पर म्या त्याला बघितलंच न्हाई, नुसतं फाटक उघडं दिसलं,” हे बोलणे श्रोत्याला विसंगत वाटते.

४

बोलणाऱ्याचे ज्ञान उघड करणारी दुसरी खूण सर्वनामात नसून क्रियापदात आहे, आणि ती मराठीच्या प्रकृतीचीच आहे. ‘कोणीतरी’ला स्वतःचे लिंग नाही. म्हणून क्रियापद तीन मार्गांनी जाऊ शकते :

कुनीतरी आलं व्हतं.
कुनीतरी आला व्हता. (अथवा : आली व्हती.)
कुनीतरी आले व्हते.

पहिल्या वाक्यातील नपुंसकलिंग ‘व्यक्ती कोण ते सांगता येत नाही’ या अवस्थेचे खरे चिन्ह होय. दुसऱ्या वाक्यात पुरुष की स्त्री एवढे तरी कळलेले आहे. तिसऱ्यात आदरार्थी बहुवचन आहे. आलेली व्यक्ती मानाची होती, निदान परगावची व वयस्क होती, इतकी माहिती त्यात दडलेली असते. अर्थात पुल्लिंगाच्या बाबतीत सावधगिरी हवी. जी कामे बहुधा पुरुषच करतात त्यांविषयी बोलताना पुल्लिंग सवयीनेही येते. तेव्हा त्यावरून ज्ञानाचा निष्कर्ष काढता येत नाही. स्त्रीलिंग व आदरार्थी बहुवचन या खुणा अधिक भरवशाच्या.

ही खूण नेहमीच उपलब्ध नसते, याचे कारण कर्मणी प्रयोगात आहे. सकर्मक धातूच्या भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते. “कुनीतरी चारी फोडली” या वाक्यात ‘फोडली’चे स्त्रीलिंग चारीचे आहे, फोडणाऱ्याचे नव्हे. म्हणजे जेथे दोष कोणाचा हा प्रश्न सर्वांत तीव्र असतो, त्या वाक्यात व्याकरण कर्त्यावर पडदा टाकते. पण बोलणारा एक पाऊल पुढे जाऊन “कुनीतरी चारी फोडून गेला” असे म्हणाला तर ‘गेला’ अकर्मक असल्यामुळे पडदा पुन्हा उचलला जातो. “फोडून गेलं” म्हणणारा आणि “फोडून गेली” म्हणणारा हे दोघे सारखेच अनभिज्ञ आहेत, असे समजणे चूक ठरेल.

‘एक’च्या रूपांत हा पडदा मुळीच नाही. ‘एकानं’ किंवा ‘एकीनं’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते. कर्मणी प्रयोगही तिला झाकू शकत नाही. परिचित व्यक्तीसाठी ‘एक’ व अपरिचित व्यक्तीसाठी ‘कोणीतरी’ ही वाटणी का स्थिर झाली असावी, याचे एक कारण येथे दिसते. ज्याला लिंगही ठाऊक नाही त्याला ‘एक’ वापरताच येत नाही.

५

निपाताविना येणारे ‘कोणी’ आणखी निराळ्या क्षेत्रात नांदते. प्रश्न, अट आणि निषेध ही त्याची तीन घरे होत : “हाय का कुनी घरात?” “कुनी इचारलं तर सांगा.” “कुनी न्हाई.” निषेधात ‘बी’ लावून जोर येतो : “कुनी बी न्हवतं.” डच भाषेत ‘नीमांट’ या सर्वनामातच निषेध सामावलेला असतो व वाक्यात वेगळा नकार लागत नाही, मराठीत सर्वनाम कितीही जोरकस केले तरी नकार क्रियापदाकडेच राहतो. “कुनी बी आलं” एवढेच म्हणून थांबल्यास ‘कोणीच आले नाही’ हा अर्थ निघत नाही.

विधानार्थी वाक्यात एकटे ‘कोणी’ सहसा उभे राहत नाही. तेथे त्याला ‘तरी’चा आधार लागतो. अपवाद जोडीचा. पालखीच्या मुक्कामाचे वर्णन करताना “कुनी पायी आलं, कुनी यष्टीनं आलं” असे म्हणता येते, कारण तेथे समुदायाचे भाग पाडले जातात.

प्रश्नार्थक वाक्यात ‘कोणी’ व ‘कोणीतरी’ दोन्ही येऊ शकतात, आणि क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनी या ठिकाणी विशेष सावध राहिले पाहिजे. “घरात कोणी आजारी आहे का?” हा प्रश्न उत्तर मोकळे ठेवतो. “घरात कोणीतरी आजारी आहे का?” हा प्रश्न होकाराची अपेक्षा धरून, काही चिन्हे दिसल्यावर, विचारला जातो. “काही त्रास होतो का?” व “काहीतरी त्रास होतोय का?” यांतही हाच भेद आहे. इंग्रजीतून भाषांतरित झालेल्या प्रश्नावलीत एकाच शब्दाच्या जागी कधी हे, कधी ते रूप घातले गेले, तर उत्तरदात्यांना दोन निराळे प्रश्न विचारले गेले असे होते. पुढे कोष्टकात मात्र ती उत्तरे एकाच रकान्यात बसतात.

६

‘कोणी’ची दुसरी अडचण समरूपतेची आहे. ‘कोण’ या प्रश्नवाचकाचे तृतीयेचे रूपही ‘कोणी’च होते आणि दोहोंचे सामान्यरूप ‘कोणा-’ हेच. त्यामुळे “कुनी सांगितलं न्हाई” हे वाक्य कागदावर दोन प्रकारे वाचता येते : ‘एकानेही सांगितले नाही’ किंवा ‘न सांगणारा कोण?’ तोंडी बोलण्यात संदेह राहत नाही, कारण प्रश्नवाचक ‘कुनी’वर आघात येतो व अनिश्चित ‘कुनी’ आघातहीन राहते. “कुनी केलं?” आणि “कुनी केलं का?” यांत वाक्यान्तीचा ‘का’ही मदतीस येतो.

‘काही’च्या बाबतीत ग्रामीण बोली याच वाटेने आणखी पुढे गेली आहे. “काय पायजे का?” “काय झालं न्हाई.” या वाक्यांतील ‘काय’ प्रश्नवाचक नसून ‘काही’ या अर्थाचे आहे. त्याला अशुद्ध ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याची उपपत्ती पाहणे अधिक फलदायी होईल. जसा ‘नाही’तील हकार लोपून ‘नाय’ होतो, तसाच ‘काही’चा ‘काय’ होणे ध्वनिदृष्ट्या अगदी स्वाभाविक आहे. दुसरीकडे, निपाताविना प्रश्नवाचक शब्दच अनिश्चित अर्थाने वापरण्याची रीत अनेक भाषांत आढळते. नित्याच्या डच संभाषणात ‘इट्स’ (काही) याऐवजी ‘वाट’ हे प्रश्नवाचकच सर्रास येते, आणि तेही आघातहीन असते. वाक्यारंभी घातल्यास ते पुन्हा प्रश्न बनते. सणसरकडील ‘काय’ ध्वनिलोपाने जन्मले असो की प्रश्नवाचकाच्या विस्ताराने, त्याला जगविणारी यंत्रणा डच ‘वाट’सारखीच आहे : आघाताचा अभाव व वाक्यातील स्थान. जे विद्यार्थ्यांच्या वहीत तांबड्या शाईने खोडले जाते त्याला स्वतःचा नियम आहे, हे यावरून ध्यानात यावे.

नित्याच्या बोलण्यात अनिश्चित सर्वनामे आपले मूळ काम सोडून मनोवृत्तीही व्यक्त करतात. “कायतरीच काय!” यातील ‘च’ने अनिश्चिततेचे रूपांतर नापसंतीत केले आहे. उलट, स्वतःविषयी बोलताना ‘मी’ टाळून “एखाद्यानं किती सोसायचं?” किंवा “मानसानं काय करावं?” असे म्हटले जाते, आणि स्त्रियाही ‘मानसानं’ असेच म्हणतात. डचमध्ये ‘माणूस’ याच अर्थाच्या शब्दापासून झालेले ‘मेन’ हे सर्वनाम आता पुस्तकी ठरले असून बोलताना त्याच्या जागी ‘ये’, म्हणजे ‘तू’, येते. सणसरकडे ‘माणूस’ अद्याप बोलण्यातच आहे, आणि त्याच्या आडून बोलणारा स्वतःचेच दुःख सांगत असतो.

७

आता आरंभीच्या चारीकडे वळले पाहिजे. दखलपात्र अपराधाची तोंडी माहिती लिहून घेऊन ती देणाऱ्यास वाचून दाखवावी, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होते; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही ती तरतूद आहे. वाचून दाखविण्याचा हेतू उघड आहे : लिहिलेले व बोललेले एक असावे. परंतु “एकानं चारी फोडली” या वाक्याचे ‘अज्ञात इसमाने’ झाले, आणि ते वाचून दाखविल्यावर शेतकऱ्याने कचेरीची भाषा अशीच असते असे समजून मान हलविली, तर हेतू अक्षरशः पाळला जाऊनही विफल होतो. ‘एकानं’ म्हणणाऱ्याने कर्ता अज्ञात आहे असे सांगितलेले नाही. तो भाऊबंद असेल, शेजारी असेल, उद्या पाण्याच्या पाळीला त्याच्याशीच गाठ पडणार असेल. म्हणून त्याने नाव राखून ठेवले आहे. पुढे धीर येऊन त्याने नाव सांगितले, तर ‘आधी अज्ञात म्हणालात, आता नाव कोठून आले?’ असा प्रश्न त्याला विचारला जाऊ शकतो. वस्तुतः विसंगती त्याच्या बोलण्यात नसून भाषांतरात आहे. मराठीतून मराठीत झालेल्या भाषांतरात.

उलट बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. ‘कुनीतरी’ म्हणणाऱ्याला काहीच ठाऊक नाही, असे या सर्वनामावरून सिद्ध होत नाही. ‘तरी’ ओळख न देण्याची खूण आहे. अज्ञान हे त्यावरून केलेले अनुमान होय, आणि अनुमान चुकू शकते. म्हणून जबाब लिहिणाऱ्याने, तसेच बोलीचे ध्वनिमुद्रण उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याने, तीन गोष्टी जशाच्या तशा नोंदवाव्यात : सर्वनामाचे मूळ रूप, क्रियापदाचे लिंगवचन आणि आघात. ‘फोडून गेलं’चे ‘फोडून गेला’ करणे ही भाषाशुद्धी नव्हे. तो पुराव्यातील फेरफार होय.

सारांश, अनिश्चित सर्वनामे अनिश्चित असतात ती वस्तूच्या बाबतीत. बोलणाऱ्याच्या ज्ञानाच्या बाबतीत ती पुष्कळच निश्चित बोलतात. ‘एक जण’ परिचय दाखवितो, ‘कोणीतरी’ केवळ अस्तित्व सांगतो, ‘एखादा’ अपेक्षा व्यक्त करतो, आणि ‘कोणी’ अस्तित्वाचाही प्रश्न मोकळा ठेवतो. सणसरच्या पारावर बसलेला श्रोता या चार पायऱ्या कोणत्याही व्याकरणावाचून ओळखतो. लिहिणाऱ्याने त्या ओळखल्या नाहीत, तर बोलणाऱ्याने जपून ठेवलेला भेद कागदावर पुसला जातो, आणि त्याचा भार पुढे बोलणाऱ्यालाच वाहावा लागतो.